पंधरा दिवसांत शुक्राणू वाढत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पंधरा दिवसांत शुक्राणू वाढवा’ अशा जाहिराती एसटी स्थानकाच्या भिंतींवर असतात, तशा वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही असतात. त्यांना भुलून लोक हजारो रुपये घालवतात, म्हणून हे पत्र.

वृषणात अतिशय बारीक, वेटोळ्या नलिका असतात. त्यांच्या कडेच्या मूळ पेशी वयात आल्यापासून विभागत राहतात. ४६ गुणसूत्रांच्या एका पेशीपासून अर्धसूत्री विभाजनाने २३ गुणसूत्रांच्या चार पेशी होतात. या पेशी गोल असतात. मग त्यांचे केंद्रक घट्ट होऊन डोके बनते, शेपटी फुटते आणि जादा पेशीद्रव्य गळून पडते. या साऱ्या काळात नलिकांमधल्याच सर्टोली नावाच्या पेशी त्यांचे पोषण करतात. एवढ्याला ६४ ते ७४ दिवस लागतात. तरीही शुक्राणूला नीट पोहता येत नाही. ती क्षमता वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणाच्या लांबलचक नळीतून जाताना येते, त्यात आणखी काही दिवस जातात. म्हणजे आज तपासणीला दिलेले शुक्राणू अडीच-तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेले असतात. मध्यंतरी जोराचा ताप येऊन गेला असेल, तर त्याचा परिणाम पुढे कित्येक आठवडे अहवालात दिसू शकतो. पंधरा दिवसांच्या चूर्णाने नवे शुक्राणू घडून बाहेर येणे शक्यच नाही.

याहून मोठी काळजी जिममध्ये टोचल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या इंजेक्शनांची वाटते. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी वृषणाला सतत संदेश देत असते. त्यावरच तिथले टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणूंची निर्मिती चालते. रक्तातल्यापेक्षा वृषणात हे संप्रेरक कितीतरी पट जास्त लागते. बाहेरून टोचून घेतले की पियूषिका संदेश थांबवते. दंड फुगतात आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही येऊ शकते. इंजेक्शने बंद केल्यावर ती पूर्ववत व्हायला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. विशीतल्या मुलांना हे सांगितल्याशिवाय सुई टोचली जाते, याची मला चीड येते.

मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा सोबतीने असते. तरी आपल्याकडे आधी सुनेच्या सोनोग्राफ्या होतात, उपासतापास होतात, आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी वर्षानुवर्षे राहून जाते. या तपासणीत ना भूल, ना टाके. दोन ते सात दिवस संबंध व वीर्यपात टाळून नमुना द्यायचा. आकडे कमी आले तर लगेच घाबरून न जाता तपासणी पुन्हा करून घ्यायची आणि युरोलॉजिस्टला दाखवायचे. वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्याचे कारण निघाले, तर त्यावर शस्त्रक्रिया आहे.

आपल्या आरोग्य पुरवणीत हा विषय आकृतीसह, न लाजता छापावा आणि अशा जाहिराती घेण्यापूर्वी एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा