लेबलावरचा 57 आणि बाटलीतला माल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोमॅटोचे भाव कोसळले, नारायणगाव-पिंपळगावकडे क्रेट रस्त्यावर ओतले जाऊ लागले, की 'केचप करून विका' हा सल्ला हमखास छापून येतो. जोडीला हाइन्झ या अमेरिकी केचप कंपनीचं उदाहरण असतं, तेही तिच्या '57 प्रकार' या जाहिरातीचं. ती ओळ 1896 ची. तेव्हा कंपनीचे पदार्थ साठाच्या वर गेले होते. संस्थापक हेन्री जॉन हाइन्झ यांना 57 हा आकडा आवडला, एवढंच. सल्ला देणाऱ्यांनी आधी त्यांचं आयुष्य वाचावं, ही कळकळीची विनंती.

जर्मनीतून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा पिट्सबर्गजवळ शार्प्सबर्गला वाढला. 1869 मध्ये त्यांनी भागीदारीत किसलेलं हॉर्सरॅडिश विकायला सुरुवात केली. मोहरीसारखं नाकात जाणारं हे मूळ इतर विक्रेते रंगीत बाटल्यांत भरत, म्हणजे आत मिसळलेलं सलगम दिसत नसे. हाइन्झ यांनी आरपार दिसणारी काच निवडली.

पुढची चूक आपल्या फार कामाची आहे. काकडीचं सगळं पीक बुशेल या अमेरिकी मापाला 60 सेंट भावानं घ्यायचा करार त्यांनी केला. भाव ठरला, पण किती माल घ्यायचा याची कमाल मर्यादा ठरली नाही. 1875 ला अमाप पीक आलं. 1873 पासूनच्या मंदीत कर्ज मिळेना, आणि दिवाळं निघालं. करारशेतीत उतरणाऱ्या बचत गटानं मर्यादेचा आकडा भावाशेजारीच लिहून घ्यावा. दिवाळखोरीनंतर कायद्यानं देणं उरलं नव्हतं. तरी 'नैतिक देणी' अशी वही घालून हाइन्झ यांनी ते पैसे फेडले. 1876 ला भाऊ आणि चुलतभावाच्या नावानं धंदा पुन्हा उभा राहिला होता.

त्या काळी केचप बहुधा डबाबंदीतून उरलेल्या साली-गाभ्याचं, पातळ असे. ते आंबू नये म्हणून सोडियम बेन्झोएट घालत. हाइन्झ यांच्या कारखान्यानं पूर्ण पिकलेले टोमॅटो, जास्त व्हिनेगर आणि जास्त साखर वापरून बेन्झोएट काढून टाकलं. अनेक कारखानदार विरोधात असताना अमेरिकेच्या 1906 च्या शुद्ध अन्न कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला.

हा माणूस श्रद्धाळू ख्रिस्ती होता. संडे स्कूलचं काम त्यांनी कित्येक वर्षं स्वतः पाहिलं. पत्नीच्या स्मरणार्थ पिट्सबर्गमध्ये 1915 ला मुलांसाठी सारा हाइन्झ हाउस बांधलं. कामगारांना जेवणाची खोली आणि दवाखाना दिला, आणि अन्न हाताळणाऱ्या बायकांच्या नखांची निगाही कारखान्यातच राखली जाई. 1919 ला ते वारले.

आता आपल्याकडचं. बाजारासाठी तोडलेला टोमॅटो अर्धकच्चा असतो. तसाच शिजवला तर रंग फिका येतो आणि मग बाहेरून रंग घालायचा मोह होतो. माल दोन-चार दिवस पसरून पूर्ण लाल होऊ द्यावा. एक किलो गराला 75 ग्रॅम साखर, 10 ग्रॅम मीठ आणि 25 मिलि व्हिनेगर साधारण पुरतं. साखर एक तृतीयांश सुरुवातीला, बाकीची नंतर. सगळी आधी घातली तर रंग काळवंडतो. गर एक तृतीयांशावर आटत आला की मीठ-व्हिनेगर घालावं, कारण आधी घातलेलं व्हिनेगर वाफेबरोबर उडून जातं आणि टिकाऊपणाही जातो.

महिन्याभरात बाटलीच्या गळ्याशी काळं कडं दिसलं की लोक माल बुरसला समजून फेकतात. ती बुरशी नसते. भांड्यातलं लोह आणि मसाल्यातल्या लवंगेतलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांना गळ्याशी उरलेली हवा लागून तो रंग येतो. लवंगेची बोंडं खुडून टाकावीत, स्टीलची पातेली वापरावी, 85 अंशांच्या वर गरम असतानाच बाटली गळ्यापर्यंत भरावी आणि झाकण लावून आडवी ठेवावी.

आपला,
एक वाचक, जुन्नर