बोटीच्या पोटातली माणसं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या आगबोटींवरचा लेख आवडीने वाचला. सलूनमधला, म्हणजे बोटीवरच्या दिवाणखान्यातला पियानो, पहिल्या वर्गाचं जेवण, कप्तानाचा रुबाब, सगळं त्यात होतं. बोट चालवणारी माणसं मात्र कुठेच दिसली नाहीत. याचं वाईट वाटलं, कारण त्यातली कितीतरी आपल्याच किनाऱ्यावरची होती.

पी. अँड ओ. या ब्रिटिश आगबोट कंपनीच्या मुंबई-लंडन बोटींवर डेकचं काम कोकण-गुजरातच्या दर्यावर्दींकडे असे. त्यांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. सलूनमध्ये वाढपाला गोंयकार. बॉयलरपाशी बहुतकरून पंजाबी आणि पठाण 'आगवाले'. कोळसेवाल्यांनी बंकरमधून, म्हणजे बोटीतल्या कोळशाच्या कोठारातून कोळसा ओढून आणायचा, आगवाल्यांनी तो फावड्याने भट्टीत सारखा पसरायचा, लांब गजाने खंगर, म्हणजे जळून घट्ट झालेला कोळशाचा गाळ, फोडून बाहेर ओढायचा आणि राख वर नेऊन समुद्रात टाकायची. चार तासांची पाळी, आठ तास विश्रांती, पुन्हा भट्टी. 4 सप्टेंबर 1888 रोजी गांधीजी मुंबईहून 'क्लाइड' बोटीने विलायतेला निघाले, ते एडन-सुएझच्याच वाटेने. तांबड्या समुद्रात वर डेकवरही जीव नकोसा होतो. खाली भट्टीच्या तोंडाशी काय होत असेल?

आणि झोपायला जागा किती? त्या शतकाच्या अखेरीस कायद्याने गोऱ्या खलाशाला 72 घनफूट, आपल्या माणसाला 36. मी घरी टेप लावून पाहिलं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. त्यात उठून बसताही येत नाही. पगारही गोऱ्याच्या निम्म्याहून कमी. लंडनला उतरल्यावर काम न मिळालेले कितीतरी खलाशी थंडीत रस्त्यावर पडत. त्यांच्यासारख्यांसाठी 1857 साली लंडनच्याच लाइमहाउस भागात निवारागृह उघडावं लागलं.

बोटीवर चढण्याआधी गोंयकार मुंबईत आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडात उतरत. धोबीतलावला अशी कुडं अजून आहेत. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांतही पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेलेली घरं आहेत. एखाद्या ट्रंकेत जुना दाखला, फोटो नक्की निघेल. आपण वाचकांना आवाहन करावं आणि या विषयावरचा पुढचा लेख त्या घरांत बसून लिहून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी