मदतीचं आवाहन : गुडघा जोडून झालाय, मांडी भरायची राहिलीय

सप्रेम नमस्कार.

पहाटे साडेपाचला त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर आणि रविवारी सायकली घेऊन गंगापूर रोडला जमणारं आमचं छोटं मंडळ आहे. ३१ जण आहोत. निम्मे ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) करतात, उरलेले त्यांच्याकडे बघून "करू कधीतरी" म्हणतात. सचिव दुसऱ्या गटात मोडतात. हे आवाहन पैशांसाठी आहे, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना "आता मागतील, मग मागतील" अशी धाकधूक नको.

आमच्यातली एक मुलगी ऑगस्टमध्ये गिरणारे रस्त्यावर पडली. अपघात म्हणावा एवढंही काही नव्हतं. उतारावर, वळणाशी बांधकामाची वाळू सांडलेली आणि वर पावसाची भुरभुर. मागचं चाक सरकलं आणि ती उजव्या अंगावर गेली. उजव्या बुटाची क्लीट, म्हणजे तळाला असलेला बूट पेडलमध्ये अडकवायचा तुकडा, पेडलमधून सुटलीच नाही. सायकल एकीकडे फिरली, गुडघा दुसरीकडे. खरचटलंही फारसं नव्हतं. तिने उठून सायकल उभी केली, उतरलेली चेन बसवली, हात पुसले आणि पहिलं पाऊल टाकताच म्हणाली, "गुडघा जागेवर नाही." एमआरआयमध्ये तेच निघालं. एसीएल नावाचं लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा दोर, पूर्ण तुटलेलं, शिवाय आतली गादी थोडी फाटलेली.

नाव छापायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे, म्हणून 'ती' म्हणूनच लिहितो. गाव पेठ तालुक्यात, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, कंत्राटी. पेठ, हरसूल, सुरगाण्याच्या पट्ट्यात धावणाऱ्या मुली काही नवीन नाहीत. कविता राऊत त्याच डोंगरातून आली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन गेली. आमची ही धावायची शाळेपासून. पोहायला शिकली मात्र नाशिकला आल्यावर, बाविसाव्या वर्षी. पहिल्या महिन्यात तलावाची कड सोडत नव्हती. दोन वर्षांत ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं अशी स्प्रिंट ट्रायथलॉन तिने दोनदा पूर्ण केली, जुनी सायकल घेऊन. पुढचं लक्ष्य याच्या बरोबर दुप्पट अंतर होतं, म्हणजे ऑलिंपिकमध्ये असतं ते : १.५, ४० आणि १०.

सप्टेंबरात ऑपरेशन झालं. खर्च कामगार विम्यातून निघाला, आजारपणाचे ९१ दिवस ७० टक्के पगारही मिळाला. त्या आठवड्यात माणसं किती धावून आली म्हणून सांगू! डबे इतके यायचे की तिच्या खोलीतल्या तिघींना आठवडाभर गॅस पेटवावा लागला नाही. मग नवरात्र आलं, दिवाळी आली, ज्याचा तो आपल्या उद्योगाला लागला. आमच्यातलंही कोणी तिकडे फिरकलं नाही. हे मान्य केलेलं बरं, कारण हे आवाहन लिहायला बसण्यामागे थोडी ती टोचणीही आहे.

नोव्हेंबरात तिचं हेल्मेट माझ्याकडे राहिलं होतं ते द्यायला गेलो. ती भिंतीला टेकून फरशीवर बसलेली, उजव्या टाचेखाली दुधाची रिकामी पिशवी. पिशवीमुळे टाच सहज घसरते. टाच हळूहळू आपल्याकडे ओढायची, दुखेल तिथे थांबायचं, पाच आकडे मोजायचे, परत सोडायची. शेजारी शिंप्याची टेप आणि शाळेची दोनशे पानी वही. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर बॉलपेनची खूण करून, सुकलेली मांडी किती भरली ते कळावं म्हणून दर रविवारी दोन्ही मांड्यांचा घेर मोजायचा आणि लिहायचा. पहिल्या पानावर डावी ४६, उजवी ४२.५. मी गेलो त्या दिवशी उजवी ४३. कपाळ पुसत म्हणाली, "सहा आठवड्यांत अर्धा सेंटिमीटर, दादा. किराणा दुकानदारसुद्धा यापेक्षा जास्त उधारी देतो."

फिजिओकडे आठवड्यातून तीनदा जायला सांगितलं होतं. ती पंधरा दिवसांतून एकदा जात होती, बाकी वहीवर. कारण सरळ आहे. चालता यायला लागलं की उपचार संपले, असं घरचेही धरून चालतात, कामावरचेही आणि बरेचदा पेशंटही. एसीएलच्या बाबतीत धोका नेमका तिथेच असतो. तुटलेलं लिगामेंट शिवून जमत नाही म्हणून तिच्याच मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून गुडघ्यात बसवलाय. तो शरीरात रुजेपर्यंत आधी कमजोर होतो. दोन-तीन महिन्यांनी सूज उतरते, दुखणं थांबतं, माणसाला वाटतं झालो बरे. आणि आतला नवा दोर तेव्हाच सगळ्यात कच्चा असतो. म्हणून खेळात परतण्याआधी निदान नऊ महिने थांबा, आणि नुसतं कॅलेंडर बघून नाही, ताकद मोजून परता, असं डॉक्टर सांगतात. एका पायावर लंगडी घालून उडी मारायची. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी गेली पाहिजे. आता पाचवा महिना चालू आहे. उडीचं नाव काढायलाही तिला बंदी आहे.

ट्रायथलॉनवाल्याची गंमत अशी की त्याला तीन खेळांत परतायचं असतं आणि तिन्हींचे नियम वेगळे. टाके पूर्ण सुकल्यावर तलावात उतरायला परवानगी मिळाली, पण ब्रेस्टस्ट्रोकची लाथ नको, त्यात गुडघ्याला पीळ बसतो. दोन मांड्यांत पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून फक्त हातांनी फ्रीस्टाइल. भिंतीला पाय मारून वळायचं नाही, हात लावून सावकाश वळायचं. डिसेंबरातल्या थंडीत ती अशी पोहत होती तेव्हा शेजारच्या लेनमधल्या एका काकांनी तिला वळणं कशी घ्यावीत ते शिकवायला सुरुवात केली. तिने मुकाट ऐकून घेतलं.

सायकलला पेडल पूर्ण फिरवायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो, म्हणून सुरुवातीला सीट उंच आणि सायकलही ट्रेनरवर, म्हणजे मागचं चाक पकडून ती एका जागी उभी ठेवणाऱ्या स्टँडवर. रस्त्यावर अजून नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी उकरलेल्या रस्त्यांवर तर मुळीच नाही. क्लीटही नाहीत. बूट सोडवायला टाच बाहेर फिरवावी लागते आणि गुडघ्याला तोच पीळ चालत नाही. साधी चपटी पेडलं, साधे बूट. धावणं सध्या सपाट जमिनीवर, एक मिनिट पळ आणि दोन मिनिटं चाल. पूर्वी सोमेश्वरहून गोदापार्कपर्यंत न थांबता जाणाऱ्या मुलीला हे किती जड जात असेल! पण ती घड्याळ बघून थांबते. आम्ही तिच्या जागी थांबलो असतो असं वाटत नाही.

आमच्या गटावर रोज कोणी ना कोणी टिम डॉनचा व्हिडिओ टाकतं. ब्रिटनचा व्यावसायिक ट्रायथलीट. ऑक्टोबर २०१७ मध्ये हवाईला विश्वविजेतेपदाच्या शर्यतीच्या तोंडावर सायकलवर असताना गाडीने उडवलं, मान मोडली. कवटीला स्क्रूने घट्ट बसवलेली चौकट तीन महिने घालून बसला आणि एप्रिल २०१८ मध्ये बोस्टन मॅरेथॉन २ तास ४९ मिनिटांत धावला. माणूस अफाट आहे, वाद नाही. पण खेळ हीच त्याची नोकरी होती. आमची मुलगी दुपारपाळी संपवून रात्री साडेअकराला खोलीवर येते आणि मग टाचेखाली पिशवी घेते. व्हिडिओ कृपया थोडे कमी पाठवा.

एक मात्र सांगायला हवं. कारखान्याने चौथ्या महिन्यात तिला परत घेतलं आणि उभ्याच्या कामावरून तपासणीच्या टेबलावर, बसायच्या कामाला लावलं. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं.

आता हिशोब. फिजिओचे आठवड्याला दोन वेळा, प्रत्येकी ४०० रुपये, २० आठवडे : १६,००० रुपये. पायांच्या व्यायामाची मशिनं असलेल्या जिमची पाच महिन्यांची फी ५,००० रुपये. सायकलचे दोन ट्रेनर ३०,००० रुपये. रबराचे पट्टे, पायाला बांधायची वजनं, ब्रेस (सांध्याला आधार देणारा पट्टा), कुबड्यांची एक जोडी, पुल बॉय वगैरे ६,००० रुपये. एकूण ५७,००० रुपये. कोजागरीच्या कार्यक्रमातून उरलेले आणि सभासदांनी दिलेले मिळून मंडळाकडे १४,५०० रुपये आहेत. कमी पडतात ४२,५०० रुपये. स्पर्धेची फी, जर्सी, प्रवास यांतलं काहीही यात धरलेलं नाही. ते तिचं ती बघेल आणि नाहीच जमलं तर तेव्हाचं तेव्हा.

ट्रेनर दोन कशाला, असं खजिनदारांनीही विचारलं. मदतीची गोष्ट काढली तेव्हा तिने पहिली अट हीच घातली की तिच्या एकटीच्या नावाने पावती फाडायची नाही. आपल्याच मंडळात कॉलरबोन मोडलेला एक कॉलेजचा मुलगा घरी बसलाय, आणि टाचेच्या वरचा स्नायूबंध तुटलेले एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलंय. म्हणून ही साहित्यपेढी. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात जशी वॉटरबेड नि व्हीलचेअर मिळते, तशीच दुखापतीतून उठणाऱ्या खेळाडूला ट्रेनर, ब्रेस, पट्टे मिळतील. अनामत २०० रुपये, वस्तू परत केली की अनामत परत. मंडळाचा सभासद असण्याची गरज नाही. नाशिकचा असला की झालं, आणि ओझरचा किंवा सिन्नरचा असला तरी हाकलून देणार नाही.

२०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून या शहरात सायकलींना तोटा नाही. त्यामुळे ट्रेनरही पुष्कळ घरांत आहेत, याची आम्हाला खात्री आहे. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेला आणि आता गॅलरीत टॉवेल वाळत घालायच्या कामी येणारा तुमचा ट्रेनर आम्हाला दिलात तर तेवढे १५,००० रुपये मागावे लागणार नाहीत. टॉवेलसाठी दोरी आम्ही बांधून देऊ.

पैसे आणि वस्तू सोडूनही दोन गोष्टी हव्यात. शहरातल्या कुणा फिजिओथेरपिस्टने शनिवारी सकाळी एक तास तलावावर येऊन या तिघांकडे बघितलं तर फार मोलाचं होईल. आणि सातपूर-अशोकनगरकडून पहाटे तलावाकडे येणारं कोणी दुचाकीवाली ताई असेल तर तिने आमच्या या मुलीला सोबत आणावं. त्या वेळी रिक्षा मिळत नाही, मिळाली तर मीटरचं नाव घेत नाही. एक गोष्ट मात्र नको आहे, ती म्हणजे "आमच्या ओळखीचा एक मालिशवाला आहे" हा सल्ला. आतापर्यंत सात जणांनी दिलाय.

मंडळाकडे ८०जी नाही. पावती मिळेल, आयकरात सूट मिळणार नाही. ५० रुपयांचीही पावती फाडली जाईल आणि जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तलावाबाहेरच्या चहाच्या टपरीवर लावला जाईल. टपरीवाल्या मामांनी जागा दिली आहे, बिस्किटांच्या बरण्यांच्या वर. ती नऊ महिन्यांनी शर्यतीच्या रेषेवर उभी राहीलच असं वचन आम्ही देत नाही. डॉक्टरांनी दिलेलं नाही, तिनेही मागितलेलं नाही. वहीत काल उजवी मांडी ४४.५ होती.

पैसे खजिनदारांकडे पावती घेऊनच द्या. ते रोज सकाळी साडेसहा ते साडेसात टपरीपाशी असतात, निळी माकडटोपी. वस्तू रविवारी त्याच वेळी आणाव्यात. फेब्रुवारीअखेरपर्यंत जमेल तेवढ्यात पहिली खरेदी करणार आहोत. ट्रेनर देणार असाल तर मागच्या चाकात घालायचा त्याचा लोखंडी स्क्यूअर (दांडी)ही आठवणीने शोधून द्या. एका सभासदांनी दिलेला ट्रेनर गेले तीन आठवडे त्याच्यावाचून माझ्या घरी पडून आहे, आणि आमच्याकडे त्यावर टॉवेल वाळायला सुरुवात झाली आहे.

आपला,
सचिव (मंडळाकरिता)