शैक्षणिक कर्जाचा खरा आकडा प्रवेशाआधीच सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी लागली की आमच्या परभणी जिल्ह्यात एकच चर्चा सुरू होते: कुणाच्या जागेवर कोण बसला. गेल्या दोन-तीन वर्षांत ती फार कडवट झाली आहे. अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही दोन्ही गावे शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलीच. एका गावातून मराठा आरक्षणाची मागणी पेटली, दुसऱ्या गावात ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण झाले. आता एकाच बाकावर बसून शिकलेली पोरे मोबाइलवर एकमेकांना कट-ऑफचे आकडे पाठवून भांडतात. या पोरांना आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला हे बघवत नाही.

आरक्षणाबद्दलचे माझे मत आधीच सांगतो. ते न्याय्य आहे आणि हवे आहे. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथे शिकलेल्या पिढीची नातवंडे माझ्या वर्गात होती. घरातला पहिला पदवीधर किती मोठा पल्ला ओलांडतो हे मी त्यांच्याकडून शिकलो. कोरडवाहू रानातल्या मराठा घरातल्या मुलाची तगमगही मी जवळून पाहिली आहे. प्रवेशात ज्याचा हक्क त्याला मिळालाच पाहिजे. पण यादीत नाव आल्यानंतर बँकेच्या दारात जे घडते त्याचा न्याय-अन्याय कुणी मोजत नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

माझे दोन विद्यार्थी एकाच वर्षी पुण्याच्या खासगी कॉलेजांत लागले. एक ओबीसी, वडील मोंढ्यात हमाल. दुसरा मराठा, घरी दोन एकर कोरडवाहू. दोघांनाही शासनाकडून निम्मे शिक्षण शुल्क मिळणार होते. ते पैसे येतात, पण उशिरा. तोवर कॉलेज पूर्ण रक्कम मागते. शिवाय विकास शुल्क, खोलीभाडे, मेस आणि लॅपटॉपचा खर्च वेगळाच. दोघांनीही शैक्षणिक कर्जासाठी अर्ज केला. हमालाच्या मुलाकडे तारण द्यायला काही नव्हते. शेतकऱ्याच्या मुलाच्या सातबाऱ्यावर आधीच सोसायटीचा बोजा होता. यादीतल्या जागेवरून ज्यांना एकमेकांचे वैरी ठरवले जाते, ते दोघे बँकेच्या एकाच बाकावर सारखेच हतबल होऊन बसले होते.

अखेर कर्ज मिळाले. मंजुरीपत्र इंग्रजीत होते. सोबत विम्याचा एक फॉर्म होता, त्यावर सही केल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नाही असे तोंडी सांगितले गेले. विम्याचा हप्ता कर्जातच मिळवला, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत त्यावरही व्याज चढणार. बाप सही करून मोकळा झाला, कारण फी भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

आता थोडे गणित मांडतो, कारण हे कुणीच पालकांना समजावून सांगत नाही. समजा चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी सुरुवातीला दीड लाख, असे सहा लाखांचे कर्ज घेतले आणि व्याज १० टक्के आहे. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. लोक याला सवलत समजतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. साधे व्याज धरले तरी पाच वर्षांत ते २ लाख १० हजार होते आणि मुदलात मिळते. पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा देणे ८ लाख १० हजारांवर गेलेले असते. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याला सुमारे १०,७०० रुपये, आणि एकूण फेड जवळपास १२ लाख ८४ हजार. घेतले सहा लाख! नव्याने नोकरीला लागलेला पोरगा पुण्यात खोली करून दर महिन्याला हे कसे भरणार? एखादा हप्ता चुकला की दंड, शिवाय सिबिल बिघडते आणि जामीनदार नातेवाईक बोलणे सोडतो.

ज्याच्या वडिलांचा शहरात प्लॉट आहे, त्याला साडेसात लाखांवरचे कर्जही तारण ठेवून मिळते. ज्याच्याकडे ते नाही, तो फायनान्स कंपनीचे महाग कर्ज घेतो, आईचे दागिने गहाण टाकतो, नाहीतर सावकाराकडे जातो. जागा तीच, पण गरिबाला ती महाग पडते.

योजना नाहीत असे मी म्हणत नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मीत तारण आणि जामीनदार लागत नाही, पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे, मंजुरीच्या वेळी त्या ८६० होत्या. तालुक्याच्या गावातले साधे खासगी कॉलेज त्यात बसत नाही. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला शिक्षणकाळातले व्याज माफ होण्याची सोय आहे. पण त्यासाठी मानांकित कॉलेज आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, बँकेनेही वेळेत दावा पाठवावा लागतो. ओबीसी महामंडळ व्याजाचा परतावा देते, तिथेही आधी हप्ता आपण भरायचा. ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत, त्यालाच ही मदत खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

आणि गुणवत्तेची एवढी काळजी वाहणारे संस्थास्तरीय कोट्यावर गप्प का असतात? खासगी वैद्यकीय कॉलेजांत १५ टक्के जागा त्या कोट्यात जातात आणि त्यांची फी इतर जागांच्या कित्येक पट असते. तिथे कमी गुणांचा मुलगा पैशावर बसतो, तेव्हा कुणाच्या हक्काची जागा गेली असे कुणी म्हणत नाही.

प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलने पर्याय भरण्याच्या वेळीच प्रत्येक कॉलेजचा पूर्ण खर्च, वसतिगृहासकट, दाखवावा. शुल्काची प्रतिपूर्ती कॉलेजला पहिल्या सत्रातच द्यावी, म्हणजे निम्म्या फीसाठी कर्ज काढावे लागणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील बँकांच्या बैठकीत पीककर्जाच्या उद्दिष्टावर भरपूर बोलले जाते. तिथे शैक्षणिक कर्जाचे किती अर्ज आले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, हेही तालुकावार वाचून दाखवावे.

पालकांना एक विनंती. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक केले आहे. त्यात व्याज, शुल्क, विमा सगळे धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि तो कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा. तो मराठीत मागा. त्यात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी लागत नाही, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. विम्याचा फॉर्म पुढे आला तर हा सक्तीचा आहे असे लेखी द्या म्हणून सांगा.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक
सेलू, जि. परभणी