काका, तो पाइप माझ्या हातातून काढून घेतलात म्हणून

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम उघड लिहितोय. घरी स्वतः गाडीचं ऑइल बदलणाऱ्या आणखी कुणाचं तरी चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, यामुळे वाचावं.

त्या रविवारी मी पहिल्यांदाच ऑइल बदललं. चेंबरच्या तळाशी ऑइल काढायचा जो ड्रेन बोल्ट असतो, त्याचं डोकं झिजलं होतं, म्हणून बोल्ट नवा टाकला आणि वॉशरही नवा. सोमवारी सकाळी गाडीखाली तळहाताएवढा डाग. बोल्ट आवळला. मंगळवारी पुन्हा डाग, पुन्हा आवळला. बुधवारी पान्याला जोर मिळावा म्हणून लोखंडी पाइप घेऊन बसलो, तेवढ्यात तुम्ही आलात. "आता आवळलंस तर चेंबरच बदलावं लागेल," म्हणालात आणि पाइप काढून घेतलात. बोल्ट पोलादी, चेंबर ॲल्युमिनिअमचं. जोर केला की मऊ धातूचे आटे जातात. मला हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी जॅकच्या जोडीला स्टँड लावून घेतलेत, त्याशिवाय मला गाडीखाली जाऊ दिलं नाहीत. मग फिल्टर, चेंबरचा तळ, बोल्ट, सगळं पुसून कोरडं करायला लावलंत, खाली वर्तमानपत्र पसरलंत, इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलंत. फिल्टरपासून ओघळलेलं ऑइलही खाली बोल्टशी येऊन थेंब धरतं, म्हणून थेंब दिसतो तिथेच गळती आहे असं धरून चालायचं नाही, हे तेव्हा कळलं. फिल्टर कोरडा होता. बोल्टच्या कडेला मात्र मधाच्या रंगाचा एक थेंब हळूहळू फुगला आणि कागदावर पडला.

ऑइल स्वच्छ भांड्यात उतरवून तुम्ही बॅटरीचा उजेड धरलात. भोकाभोवती एक काळपट कडं होतं. मला तो चेंबरचाच भाग वाटला असता. तुम्ही त्यावरून नख फिरवलंत आणि ते किंचित अडलं. जुना तांब्याचा वॉशर! जुना बोल्ट काढताना तो वरच चिकटून राहिला होता आणि नवा त्याच्यावर बसला होता. दबून कडक झालेला, एका बाजूला खोल चरा पडलेला. त्यावर दुसरा वॉशर नीट बसणार कसा? मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला तर हात धरलात. वॉशर टेकतो त्या बैठकीवर ओरखडा पडला तर तिथूनच गळेल. लाकडाच्या चिपेनं तो अलगद सोडवलात.

तीन दिवस दबलेला माझा वॉशरही तुम्ही बाजूला टाकलात आणि कोरा लावलात. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा, मध्येच अडला तर आटे तिरके धरलेत म्हणून मागे घ्यायचा. तुमचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर आला की आवाज देणारा पाना. गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ३५ न्यूटन-मीटर. पान्याचा 'टक्' असा आवाज आला आणि तुम्ही म्हणालात, "बास." मला तर वाटलं होतं, हे फारच सैल राहिलं.

काका, तीन आठवडे झाले. गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा रोज सकाळी ओढून बघतो, कोरडा आहे. डिपस्टिकवरची ऑइलची पातळीही तसूभर हललेली नाही. त्या दिवशी तुमची संध्याकाळ गेली, कोपरापर्यंत हात काळे झाले आणि चहालासुद्धा तुम्ही थांबला नाहीत, तेव्हा आभार मानायचे राहूनच गेले. ते आज मनापासून मानतो.

तो जुना वॉशर पान्यांच्या डब्यात ठेवलाय. पुढच्या वेळी ऑइल काढलं की आधी भोकाभोवती नख फिरवून बघेन.

तुमचा,
शेजारचा