शेवटची काळी क्लिप बॅटरीला लावायची नाही

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

जाम चौफुलीवर व्हॅनची बॅटरी बसली आणि ट्रकवाला "थांबा जी, माह्या गाडीवरून चालू करून देतो" म्हणत वायर घेऊन आला, तरी तू त्याला नाही म्हणालीस, हे फार चांगलं केलंस. ट्रकचं वायरिंग 24 व्होल्टचं असतं, 12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. आपली व्हॅन 12 ची. तो बिचारा मदतच करत होता, पण व्हॅनचं कॉम्प्युटर युनिट आणि डायनामो दोन्ही जळाले असते. ई-रिक्षावाल्यालाही असंच नाही म्हणायचं, तिच्यात तर बहुतेक 48 व्होल्ट असतात. ट्रॅक्टर सहसा 12 चाच असतो, तरी बॅटरीवर लिहिलेलं वाचून घ्यायचं.

मात्र त्या ट्रॅक्टरवाल्याने चारही क्लिपा बॅटरीवरच लावल्या आणि ठिणगी उडाली म्हणालीस, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. फोनवर रेंज तुटून राहिली होती, म्हणून लिहून पाठवतो.

बॅटरीत ॲसिड आणि पाणी असतं. चार्ज होताना त्या पाण्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्के झालं तरी एक ठिणगी पुरते. आपल्या व्हॅनची बॅटरी सीटखाली, बंद जागेत आहे, म्हणजे वायू तिथेच कोंडतो. म्हणून आधी सीट उचलायची, दोन्ही दारं उघडायची आणि थोडा वेळ जाऊ द्यायचा. भोवती जमलेल्यांपैकी कोणी बिडी ओढत असेल तर त्याला स्पष्ट सांगून दूर पाठवायचं, मग तो गावातला कितीही मोठा माणूस असो.

मी गॅरेजात होतो तेव्हा एका पोराच्या तोंडासमोर बॅटरी फुटलेली पाहिली आहे. वरच्या झाकणाचे तुकडे पत्र्यावर जाऊन आपटले. चष्मा होता म्हणून त्याचे डोळे वाचले. त्याचा सुती शर्ट त्या दिवशी धड दिसत होता, धुतल्यावर त्याची चाळणी झाली. अशा जागी तुझा चेहरा वाकलेला मला नको आहे, बाई.

आता जोडायचं कसं ते सांगतो. दोन्ही गाड्या जवळ घ्यायच्या, पण एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. दोन्ही बंद, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, लाइट-पंखा-टेप सगळं बंद. हातातल्या बांगड्या, घड्याळ, अंगठी काढून ठेव. अधिक-उणे बॅटरीवरच्या खुणेवरून ओळखायचं, वायरच्या रंगावरून नाही, कारण आपल्याकडे मेकॅनिक हाताला लागेल त्या रंगाची वायर लावून देतात. खूण पुसली असेल तर दोन्ही खुंट्या नीट पाहा: अधिकची खुंटी उण्याच्या खुंटीपेक्षा थोडी जाड असते. तरीही खात्री होत नसेल तर जोडूच नको. उलटं जोडलं तर फ्यूज उडेल नाहीतर डायनामो जळेल.

पहिली लाल क्लिप आपल्या बसलेल्या बॅटरीच्या अधिकला. दुसरी लाल ट्रॅक्टरच्या अधिकला. मग काळी ट्रॅक्टरच्या उण्याला. राहिली शेवटची काळी, ती आपल्या बॅटरीला लावायची नाही. ती व्हॅनच्या इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या जाड लोखंडाला लावायची, बॅटरीपासून जमेल तितकी लांब. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडतेच, म्हणून ती वायूपासून दूर उडाली पाहिजे. लोक म्हणतील, "काऊन एवढं लांब लावता, बॅटरीवरच लावा ना." म्हणू दे. तुझ्या हातात क्लिप असेपर्यंत तुझंच ऐकायचं.

मग ट्रॅक्टर चालू करून चार-पाच मिनिटं साध्या चालीवर राहू द्यायचा. त्यानंतर व्हॅनचा सेल्फ मार, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, आणि मध्ये एक-दोन मिनिटं थांब. तीन-चारदा करूनही चालू झाली नाही तर दोष दुसरीकडे आहे, केबल काढ. चालू झाली तर उलट्या क्रमाने काढायच्या, म्हणजे लोखंडावरची काळी पहिली. काढताना क्लिपा एकमेकींना लागू देऊ नको.

बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल तर हे काहीच करायचं नाही. गाडी ओढून न्यायची.

चालू झाल्यावर एखादा माणूस "बॅटरीची वायर काढून पाहू, डायनामो चालते का" म्हणेल. जुन्या गाड्यांत हे करत. तू करू देऊ नको, व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले भाग जातात. त्यापेक्षा मीटर लाव: चालू इंजिनवर 14 च्या आसपास दिसलं म्हणजे डायनामो ठीक. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना नुसतं कट-कट वाजलं आणि लाइट मंद झाले तर बॅटरीच. लाइट चांगले राहिले तर आधी टर्मिनल सैल आहे का ते हलवून पाहा, पुष्कळदा तेवढंच निघतं.

आपल्याकडे बॅटरीचा खरा वैरी मे महिना. 45 अंशांत आतलं पाणी उडतं आणि प्लेटी उघड्या पडतात. ती कमजोरी उन्हाळ्यात कळत नाही, डिसेंबरच्या पहाटे हळदीची पोती भरून बाजाराला निघताना कळते, कारण थंडीत बॅटरीची ताकद कमी पडते. म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा झाकणं उघडून पाहा. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, बोअरचं नाही. ॲसिड तर कधीच नाही.

गाडीत पाच लिटरची पाण्याची कॅन कायम ठेव. ॲसिड डोळ्यात गेलं तर न चोळता निदान पंधरा मिनिटं पाण्याची धार सोडायची आणि मग सरळ दवाखाना.

केबल संत्र्याच्या पेटीत पाठवून राहिलो आहे, 25 चौरस मिलिमीटर तांब्याची. बाजारातल्या स्वस्त केबलीत वर जाड रबर आणि आत बारीक तार असते, तीतून सेल्फचा करंट गेला की रबर वितळतं. सोबत चष्माही आहे, तो घालूनच वाकायचं. पेटी पोचली की फोन कर.

आई आणि मी बरे आहोत. जावईबापूंनाही हे पत्र वाचायला दे, व्हॅन तेही चालवतात.

तुझे बाबा