बाबूस, रविवारच्या फोननंतर

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन बंद झाला तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, मला वाटलं लाइन गेली. बाबा म्हणाले, लाइन नाही गेली, त्याने ठेवला. म्हणून लिहिते आहे. तू नोकरी सोडून बँडमध्येच वाजवणार म्हणतोस, त्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तू पाठवलेलं गाणं चार वेळा ऐकलं. पहिल्यांदा रागच आला. दोनशे वर्षांपूर्वीचा तो मँचेस्टरकडचा उपाशी हातमागवाला रडतोय आणि तुम्ही त्याच्यावर ते जमैकाचं रेगे संगीत वाजवून लोकांना नाचवताय. इंग्रजी तर मला ओ की ठो कळलं नाही. मग तू लिहिलेला अर्थ वाचला. जप्तीवाले घरातलं सामान घेऊन गेले, आणि हातापायाला लागला की आग होते असला पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. तिथे मी थांबले. १९८२च्या पावसाळ्यात आम्ही गावी टाकळ्यावर राहिलो होतो. आता तुझी मावशी हौसेने टाकळ्याची भाजी करते, मी ताटात घेत नाही, तुम्ही सगळे मला हसता.

मुंबईतल्या गिरण्यांचा संप त्या वर्षी १८ जानेवारीला सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. आम्हाला वाटलं होळीपर्यंत मिटेल. अप्पा रोज सकाळी अंघोळ करून, डबा न घेता, गेटवरच्या सभेला जायचे. शाहीर पुढे गायचा आणि अप्पा मागे झीलकऱ्यांत, जी जी रं जी करायला. लहानपणी त्यांनी अमर शेखांना ऐकलं होतं, अण्णाभाऊंना ऐकलं होतं, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून. घसा तिथेच तयार झाला म्हणायचे. घरी आले की आजी पाठमोरी बसलेली असायची. तांब्याचं घंगाळ मोडीत गेलं त्या दिवशीसुद्धा अप्पा गाऊन आले होते. मी बारा वर्षांची होते, बाबू. गाणं आणि रिकामा डबा हे माझ्या डोक्यात तेव्हापासून एकत्र बसलेत. परवा मी तुला जे बोलले ते तिथून आलं. ‘गाण्याने पोट भरत नाही’ असं मी म्हणायला नको होतं. पण भरलं नव्हतं, हेही खरं.

तू सांगितलंस की तिकडच्या गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, आवाज इतका असायचा की बाया ओठ वाचून बोलायच्या. अप्पांचं तसंच होतं ना. साच्यांनी कान गेले त्यांचे, आपण तोंडासमोर जाऊन बोलायचो. तुला आठवत असेल, तू तबला वाजवायचास तेव्हा ते तबल्याच्या काठावर बोट टेकवून बसायचे. तुझा बेस त्यांना ऐकू आला असता, मला खात्री आहे. त्या रेगेत म्हणे मागचेच पुढे असतात, बेस आणि ड्रम. झीलकऱ्याचा नातू, आणखी काय होणार.

आता राहवत नाही म्हणून एकच सांगते. अप्पा सहा वर्षं बदली होते. भोंगा व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमवाल्याचा खाडा झाला तर काम, नाहीतर चालत घरी. तू ज्याला गिग म्हणतोस ती मला बदलीच वाटते. कोणी बोलावलं तर पैसे. तू कायम आहेस रे. कायम माणूस आपणहून बदलीत जातो का? शिवाय तुझा व्हिसा कंपनीच्या नावावर, नोकरी सुटली की ६० दिवस, हे तूच सांगितलं होतंस. साठावर एकसष्टावा दिवस येतोच. फंड नाही, आजारपणाची रजा नाही, तिथली थंडी, तुझा दमा...

बघ, झालंच सुरू. माफ कर. हे खोडणार होते, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशील.

तुमच्या आधी तिथल्या एडवर्ड द सेकंड बँडने मँचेस्टरची जुनी छापील गाणी रेगेत केली, ते मी शेजारच्या मुलीकडून लावून घेऊन ऐकलं. बाबांनी चष्मा काढून ऐकलं, म्हणजे आवडलं. तुमच्यापेक्षा सफाई आहे, पण तुमच्यात जोर आहे. (आईने हे म्हणायचंच असतं.) तुझ्या ड्रमवाल्याच्या आजीची गोष्टही मला पटली. आजी जमैकाहून आलेली, तिचे पूर्वज उसाच्या मळ्यात गुलाम. आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत विणायचा कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला. मग तिच्या नातवाने विणकराच्या गाण्याला ताल दिला, तर तो बाहेरचा कसा? हे मी भिशीत सगळ्यांना सांगितलं. अमेरिकेत गुलामगिरीवरून युद्ध झालं, त्यात कापूस बंद झाला, गिरण्या उपाशी पडल्या, तरी १८६२ साली तिथल्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं, तेही सांगितलं. कोणाला लिंकनशी काही देणंघेणं नव्हतं. पाटणकरकाकू म्हणाल्या, मुलगा लग्नाचं काय म्हणतो.

फक्त आपल्या सुरती कापसाला शिव्या घालणारी ती गाणी वाजवू नका. धागा तुटतो म्हणून त्या विणकरांनी आपल्या कापसाच्या नावाने बोटं मोडलीत म्हणे. अप्पांनी असं कोणाकडूनही ऐकून घेतलं नसतं. धागा तुटला तर शिवी जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, कापसाला नाही.

अप्पांचा डफ माळ्यावरून काढला. कातडं एका बाजूला सैल झालंय, पण शेकला की बोलतो. पाठवायचा का? कस्टममध्ये कातड्याला अडवतात का ते विचारून सांग. मुलुंडचा मामा मार्चमध्ये तिकडे येणार आहे, त्याच्या बॅगेत बसेल, लोणचं थोडं कमी देईन.

बाबांचे आशीर्वाद. इन्हेलर खिशात ठेव, बॅगेत नको.

तुझी,
आई

ता. क. स्टेजवरचा फोटो मिळाला. शर्ट इस्त्री केलेला नाही. राजीनामा अजून दिला नसशील तर मार्चपर्यंत थांब, मामा येऊन बघून जाऊ दे. दिला असशील तर बाबांना सांगू नकोस, आधी मला सांग.